सव्वाशेची तिहाई : फ्रॅक्टल गणितातून लेहरा आणि चक्रदार बांधण्याच्या नोंदी

रविवार, २ जून २०२४

गुरुपौर्णिमेला, २१ जुलैला, क्लासच्या बैठकीत माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली आहेत. त्यातल्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांचा लेहरा (तबल्याखाली परत परत वाजणारी धून) आणि तिहाई (एक तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) फ्रॅक्टल पद्धतीने, म्हणजे लहान आकार मोठ्या आकारात बसवत रचायची, असं ठरवलंय. ताल तीनताल (सोळा मात्रांचं आवर्तन, पहिली मात्रा म्हणजे सम), राग भूप, लय मिनिटाला साठ मात्रा. म्हणजे एक मात्रा बरोबर एक सेकंद, हिशेब सोपा. तबला अकरा वर्षं शिकते आहे, पायथन नोकरीपुरतं येतं. नोंदी अशासाठी की दुसऱ्या कुणाला हे करायचं झालं तर त्याचे रविवार वाचावेत.

सामान: जुना लॅपटॉप, मिडी (स्वरांची आकड्यांतली नोंद) फाइल लिहायला पायथनचं मिडो, वाजवायला फ्लुइडसिंथ, कापाकापीला ऑडेसिटी. सगळं फुकट. खर्च एकच, जुन्या बाजारातून घेतलेला मिडी कीबोर्ड, ३,२०० रुपये. दोन दिवस वापरला आणि कपाटावर गेला. सगळं आकड्यांतूनच निघणार असेल तर कीबोर्ड कशाला लागतो, हा विचार पैसे देऊन झाल्यावर सुचला.

रविवार, ९ जून

सुरुवात फाशांनी. १९७५ साली वॉस आणि क्लार्क यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की संगीतातले चढउतार पूर्ण बेशिस्त नसतात आणि पूर्ण बांधलेलेही नसतात, मधले कुठेतरी असतात. तशा चढउताराचे स्वर काढायची वॉसची फाशांची युक्ती आहे. शून्य ते सात हे आकडे द्विमान पद्धतीने एकाखाली एक लिहायचे, तीन रकान्यांना तीन फासे. एका आकड्यावरून पुढच्यावर जाताना ज्या रकान्यातला अंक बदलतो तेवढाच फासा पुन्हा टाकायचा. तिन्हींची बेरीज म्हणजे स्वर.

बेरीज ३ ते १८, म्हणजे सोळा स्वर. भूपाचे पाच स्वर तीन सप्तकांत पंधरा आणि वरचा एक सा, बरोबर सोळा! हे जुळल्यावर मला इतका आनंद झाला की भाचीला बोलावून सापशिडीचे फासे काढले. चौसष्ट स्वरांना पावणेदोन तास लागले. एकदा फासा फ्रिजखाली गेला.

भाचीने पेटीवर वाजवून पाहिलं. पहिलाच प्रश्न, "मावशी, हा भूप आहे की देसकार?" मी म्हटलं, ते ठरवलेलं नाही. ती म्हणाली, "ते कळतंच आहे."

तिचं बरोबर होतं. तीन फाशांत १० आणि ११ या बेरजा सर्वांत जास्त पडतात, प्रत्येकी २१६ मध्ये २७ वेळा. माझ्या मांडणीत १० म्हणजे मध्य ग आणि ११ म्हणजे मध्य प. गंधार भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, तो फुकटात मिळाला. पण संवादी, म्हणजे दुसरा महत्त्वाचा स्वर, धैवत, आणि फासे पंचमावर बसून राहिले. सगळी मांडणी एक स्वर वर सरकवली असती तर ठिय्या पंचम-धैवतावर जाऊन देसकारची छाया आली असती. तेच पाच स्वर दोन्ही रागांत आहेत. कुठे थांबायचं, पूर्वांग (सप्तकाचा खालचा अर्धा) की उत्तरांग (वरचा), हे फाशाला कोण सांगणार?

दुसरा दोष जास्त त्रासाचा. दर चार स्वरांनी सूर कुठेतरी उडी मारत होता. तपासल्यावर कळलं की तिसरा रकाना दर चार पायऱ्यांनी बदलतो आणि त्या क्षणी बाकीचे दोनही बदलतात, म्हणजे तिन्ही फासे एकदम नवे. तीनतालात चार-चार मात्रांचे विभाग, त्यामुळे प्रत्येक विभागाला नवा माणूस गायला बसल्यासारखं वाटायचं.

मंगळवार, ११ जून

पाच फासे केले, अर्थात कोडमध्ये. आता सगळे फासे एकदम बदलणं दर सोळा पायऱ्यांनी, म्हणजे समेवर. ऐकायला नक्कीच बरं. पण बेरजा सव्वीस झाल्या, पाच सप्तकांचा पसारा, आणि राग नाही तो नाहीच. लेहऱ्यासाठी फासे बाद.

फेकून मात्र दिले नाहीत. सरावाच्या ध्वनिफितीत तबल्याचे बोल मी फोनवर रेकॉर्ड करून चिकटवते. प्रत्येक बोल एकाच जोराने वाजला की शिवणयंत्र वाटतं. तिथे जोर कमीजास्त करायला पाच फासे लावले आणि काम झालं. साधा यादृच्छिक आकडा लावून पाहिला होता, त्याने धडपडल्यासारखं वाटायचं. ज्यांना एवढंच हवं असेल त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

रविवार, १६ जून

डॅनिश संगीतकार पेर नॉरगॉ यांनी १९५९ मध्ये शोधलेली 'अनंत श्रेणी' हाती घेतली. नियम दोनच. शून्याव्या जागी शून्य. पुढे जागेचा क्रमांक सम असेल तर त्याच्या निम्म्या क्रमांकावरचा आकडा चिन्ह उलटून घ्यायचा. विषम असेल तर एक वजा करून निम्मं करायचं आणि तिथल्या आकड्यात एक मिळवायचा. पहिले सोळा आकडे वहीच्या पानावर पाच मिनिटांत निघतात:

०, १, −१, २, १, ०, −२, ३, −१, २, ०, १, २, −१, −३, ४

शून्याला मध्य सा धरून भूपाच्या पायऱ्यांवर मांडलं (कंसातले स्वर मंद्रातले):

सा रे (ध) ग । रे सा (प) प । (ध) ग सा रे । ग (ध) (ग) ध

आता चारही विभागांचा पहिला स्वर वाचा: सा, रे, (ध), ग. म्हणजे पहिला विभागच. दर चौथा स्वर उचलला की तीच चाल चौपट सावकाश मिळते, आणि हे कितीही लांब गेलं तरी तुटत नाही. चार आवर्तनांच्या समा घेतल्या तरी सा, रे, (ध), ग! दर दुसरा स्वर उचलला तर चाल उलटी होऊन येते. ठाय (सावकाश लय) आणि चौगुन (चौपट लय, मात्रेला चार) एकाच ओळीत एकत्र नांदताहेत हे पाहिल्यावर रात्री एकपर्यंत झोप आली नाही.

मंगळवार, १८ जून

चौसष्ट स्वरांचा, चार आवर्तनांचा लेहरा करून सरांकडे नेला. संतूरच्या आवाजात. सरांनी दोन आवर्तनं ऐकली, तबल्यावर हात ठेवला, उचलला, परत ठेवला. तिसऱ्या आवर्तनात म्हणाले, "बंद कर. मी सम शोधायला बसलेलो नाही, वाजवायला बसलोय."

लेहरा दर आवर्तनाला तोच यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं त्याच्यावरच वाजवते आहे. गणित सुंदर निघालं की कान झोपतो, एवढंच.

दुरुस्ती: फक्त पहिले सोळा स्वर, तेच परत परत. तरीही शेवट अडला. (ग) वरून मध्य ध आणि तिथून सा, असं आलं की सम आल्याचं कळत नाही. शेवटचे दोन स्वर मी बदलले:

ग (ध) (प) (ध) । सा

मंद्र प-ध वरून सा, हा भूपाचा घरचा रस्ता. हे दोन स्वर गणिताबाहेरचे आहेत, कबूल. सातव्या-आठव्या मात्रेवरची पंचमाची सप्तकभर उडी ठेवली. गळ्याला ती शोभणार नाही, संतूर किंवा पेटीवर चालून जाते.

गुरुवार, २० जून

तंबोऱ्याच्या ॲपवर लेहरा टाकला तर गंधार बोचायला लागला. मिडीचा ग सा-पासून ४०० सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट), शुद्ध गंधार ३८६. धैवत ९०० ऐवजी ८८४. पिच-बेंडने (मिडीतली सूर वर-खाली सरकवायची सोय) उतरवला: वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांची मर्यादा धरली तर गंधाराला वजा ५७३ आणि धैवताला वजा ६५५. पण बेंड संपूर्ण चॅनेलला लागतो. पुढचा स्वर ग असला की आधीच्या सा-ची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, खाली घसरायची, तारेला कुणी धक्का दिल्यासारखी. उपाय म्हणजे ग एका चॅनेलवर, ध दुसऱ्यावर, बाकीचे तिसऱ्यावर. चार तास गेले. पुढे लॅपटॉपऐवजी भाचीची पेटी घ्यायची ठरली, आणि तिच्या पेटीचे सूर समान विभागणीचेच. चार तास पाण्यात.

रविवार, २३ जून

तिहाईकडे वळले. इथे मला वाटत होतं की माझं माहेरच आहे. तिहाईत एक तुकडा तीनदा. चक्रदारात ती तिहाईच तीनदा. लहान आकार मोठ्या आकारात बसलेला. 'फ्रॅक्टल' हा शब्द मांडेलब्रो यांनी १९७५ मध्ये चालवला, चक्रदार वाजवणाऱ्यांचं त्यावाचून अडलेलं नव्हतं.

आधी बेदम, म्हणजे मध्ये थांबा नसलेली. तिनाचे घात लिहिले: ३, ९, २७, ८१. आणि ८१ म्हणजे १६ गुणिले ५ अधिक १! मात्रेला एक या हिशेबाने समेवरून निघाली तर पाच आवर्तनांनी शेवटचा धा समेवर. चौगुनीत तेराव्या मात्रेवरून उचलायची. 'तिट कत धा' हा तिनाचा तुकडा घेतला. कागदावर चार मजली इमारत.

ऐकली तर काय, 'तिट कत धा' सत्तावीस वेळा. बस. तीन त्रिक तीन त्रिक तीन हे कुठेच ऐकू येत नाही. एकसारखे सत्तावीस तुकडे सलग लावले की ते सत्तावीसच राहतात. रचना दाखवते ती मधली जागा, म्हणजे दम. भावाने स्वयंपाकघरातून विचारलं, "अडकलं का ते?"

गुरुवार, २७ जून

दम घातला, तोही फ्रॅक्टल. दम तुकड्याएवढाच: तुकडा, दम, तुकडा, दम, तुकडा, असे पाच समान भाग, त्यातले दुसरा आणि चौथा रिकामे. तोच साचा पुढच्या मजल्याला. लांबी ५, २५, १२५, ६२५. (हौशी मंडळींसाठी: मिती सुमारे ०.६८.)

हाव सुटली म्हणून थेट ६२५ घेतली. चौगुनीत पाचव्या मात्रेवरून निघून दहा आवर्तनांनी सम. गणित बिनचूक. पण सर्वांत मोठा दम १२५ घरांचा, आणि एक घर, म्हणजे चौगुनीतली पाव मात्रा, पाव सेकंदाचं, म्हणजे सव्वाएकतीस सेकंद शांतता. तीही दोनदा. एवढ्यात बैठकीतली माणसं चहाला उठतील. एक मजला काढला. १२५, दोन आवर्तनांत बसणारी, सर्वांत मोठा दम सव्वासहा मात्रा. कान तीन मजले पेलतो, चौथा फक्त कागदाला दिसतो, असं माझं मत झालंय.

सगळ्यात खालच्या मजल्यावर नुसते धा ठेवले तर कोरडं वाटतं. तिथे पाचही घरं भरली: तिट कत गदि गन धा. साचा तिथे मोडतो. मोडू दे.

रविवार, ३० जून ते बुधवार, ३ जुलै

या चार दिवसांची नोंद लाज सोडून लिहिते.

दोन आवर्तनं म्हणजे ३२ मात्रा. मात्रेला ४८० टिक (मिडीतलं वेळेचं एकक), एकूण १५,३६०. त्याचे पाच भाग, प्रत्येकाचे पाच, परत पाच, असं कोड वरून खाली उतरत गेलं. समेवरून सुरू, समेवर शेवट. वाजवलं तर शेवटचा धा समेच्या आधी. मोजलं: १२८ टिक, पाव मात्रेहून जरा जास्त.

मी लगेच ठरवून टाकलं की दोष अपूर्णांकांचा. ३०७२ चे पाच भाग ६१४.४, कोड ते ६१४ करतं. त्याचे पाच भाग १२२.८, ते १२२ होतात. टिक ९६० केले. मग अपूर्णांक तसेच ठेवून शेवटी एकदाच पूर्णांक केले. रविवार गेला, सोमवारची संध्याकाळ गेली. फरक १२८ वरून १२३ वर आला. पाच टिक, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग!

मंगळवारी साउंडकार्डला दोष दिला. हेडफोन बदलून पाहिला.

बुधवारी तबल्याची जुनी वही उघडली. पहिल्या वर्षाच्या पानावर माझ्याच अक्षरात: तुकडा गुणिले तीन, अधिक दम गुणिले दोन, बरोबर सोळाच्या पटीत एक जास्त. तिहाई समेवर संपत नाही, तिचा शेवटचा धा समेवर सुरू होतो. पाच-एक-पाच-एक-पाच मिळून सतरा होतात, सोळा नाही. हा एक मी अकरा वर्षं बोटांवर मिळवते आहे. कोड लिहिताना ३२ मात्रा पुरत्या भरल्या, त्यामुळे शेवटचा धा ३२व्या मात्रेच्या पोटात शिरला. १२३ टिक म्हणजे नेमकं एक घर.

दुरुस्ती तीन ओळींची. वरून भाग पाडायचे नाहीत, खालून रचायचं. एक घर म्हणजे १२० टिक, पूर्णांक, कटकट नाही. आणि समेपासून १२४ घरं मागे मोजायचं. १२४ घरं म्हणजे चौगुनीत ३१ मात्रा. म्हणून तीनतालात उठाव दुसऱ्या मात्रेवरून. लावलं, वाजवलं, धा समेवर. एकूण साडेसात तास.

रविवार, ७ जुलै

सरांना वाजवून दाखवली, हातानेच, अर्ध्या लयीत. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे चक्रदारच झालं की. एवढ्यासाठी संगणक?"

मी म्हटलं, दम वेगळा आहे ना सर, तुकड्याएवढा तुकड्याला आणि तिहाईएवढा तिहाईला.

"तेच म्हणतोय. पहिली तिहाई आठव्या मात्रेवर संपते आणि मग साडेसहा मात्रांनी दुसरी. लोकांना वाटेल तुझं झालं. टाळ्या पडतील." थोडं थांबून म्हणाले, "पण ठेव. दम मोठा आहे म्हणून चुकवू नकोस फक्त."

रविवार, १४ जुलै

चुकवते आहे. वीस वेळा वाजवली, तेरा वेळा चुकली. पहिलं चक्र दुसऱ्या मात्रेवर सुटतं, ते सोपं. तिसरं दुसऱ्या आवर्तनाच्या अकराव्यावर, तेही सरळ. मधलं मात्र चौदाव्या मात्रेच्या मध्यावर पडतं आणि संपतं पुढच्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेच्या मध्यावर. संपूर्ण चक्र अर्ध्या मात्रेवर तरंगत जातं. दमात मी मनात सव्वीस घरं मोजायचे, आणि सतरा-अठराच्या पुढे मन हमखास घसरायचं.

सरांना फोन केला. म्हणाले, "मोजतेस कशाला? लेहरा ऐक. तेराव्या मात्रेला त्यात काय आहे?"

तेराव्याला ग आहे. विभागाचा पहिला स्वर, ठळक. तो ग ऐकला की दीड मात्रेने उचलायचं. तिसऱ्या चक्राला तर अकराव्या मात्रेवर साच आहे. आणि पहिल्या चक्राचा शेवटचा धा आठव्या मात्रेवर, तिथे लेहऱ्यात ती पंचमाची उडी. यातलं काहीच मी योजलेलं नव्हतं. लेहरा आणि तिहाई वेगवेगळ्या आठवड्यांत, वेगवेगळ्या नियमांनी झाल्या होत्या.

बुधवार, १७ जुलै

आषाढीची सुटी. उपवासाची खिचडी, आणि भाचीच्या पेटीवर चार तास. वीसपैकी सोळा वेळा आली. भाचीची तक्रार, की तो आठवा पंचम वाजवताना तिला दरवेळी दचकायला होतं.

रविवार, २१ जुलै, रात्री

सरांचं भाकीत पहिल्याच फेरीत खरं झालं. आठव्या मात्रेवर धा पडला आणि मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांच्या आवाजात तेराव्या मात्रेचा ग ऐकूच आला नाही. अंदाजाने उचलली, अर्धी मात्रा उशिरा, आणि शेवटचा धा समेच्या पुढे जाऊन पडला. सर समोरच बसले होते. काही बोलले नाहीत, हाताने खाली (टाळीऐवजी उघडा हात) दाखवली आणि बोट फिरवलं: परत.

दुसऱ्या फेरीत टाळ्या पडल्या नाहीत, लोक शहाणे झाले होते. सम आली.

बुधवार, २४ जुलै

हिशेब: सुमारे ५८ तास. त्यातले फाशांवर ११, सूर उतरवण्यात ४, 'एक'च्या घोळात साडेसात, हात बसवण्यात २०, बाकी इकडेतिकडे. पैसे ३,२००, कीबोर्ड विकायला काढलाय, अजून कुणी विचारलेला नाही.

दुसऱ्या तालांत बसवायची असेल तर घड्याळ मागे फिरवावं तसं समेपासून ३१ मात्रा मागे जा. चौगुनीत झपतालात दहाव्या मात्रेवरून उठते आणि पुढची तीन आवर्तनं घेते. एकतालात सहाव्यावरून, रूपकात पाचव्यावरून. टाळ्यांचा धोका सगळीकडे तोच, त्यामुळे पहिल्या चक्राचा शेवटचा धा मी आता मुद्दाम दबका वाजवते. रूपकात काल बसून पाहिली. सम टाळीची नसून खालीची असल्यामुळे शेवटच्या धाला जोर लावायचा की नाही, यावर सरांशी अजून एकमत झालेलं नाही.